पार्टिशन

शारजा, रोला. एका हॉलचे पाच भाग, जिप्समच्या फळ्यांनी.
तिसऱ्यात परकार, श्रीवर्धनचा.
टेबल मावत नाही, लॅपटॉप माझ्या मांडीवर.

काळ्या पडद्यावर एकच ओळ: असं पार्टिशन नाही.
"रिकामं दिसलं, पुसलं," तो म्हणतो.
रिकामं नव्हतं ते. विंडोजला वाचता आलं नाही, एवढंच.

पेनड्राइव्हवरून मशीन उठवतो,
डिस्क चाचपत बसतो, सेक्टर सेक्टर.
पुसली जाते ती यादीतली नोंद;
आतलं सगळं असतं जागच्या जागी,
वर कुणी काही लिहीपर्यंत.

परकार सांगतो, गेल्या साली पालिकेने फळ्या उतरवल्या.
दोन रात्री पाचही जण एकाच हॉलात.
"खोकले ओळखीचे होते रे सगळ्यांचे,
चेहरे तेव्हा पाहिले."
तिसऱ्या दिवशी नव्या फळ्या,
भाडं पन्नास दिरहम जास्त.

पावणेदोन. सापडलं. एकशेवीस जीबी, शाबूत.
पार्टिशनचं टेबल लिहितो (तेवढंच टेबल मावतं इथे),
ग्रब बसवतो, रीस्टार्ट.

दोन नावं येतात,
खाली दहा सेकंद उलटे मोजत.
"कुठलं दाबू?"
फळीवर टकटक होते.
पलीकडून वर्गीस, झोपलाच नव्हता:
"चालू हुआ?"