विषम भार

रबाळे एमआयडीसी. गेटवरचा प्लॉट नंबर पुसट.
शेजारच्या कारखान्यातून बिस्किटांचा वास
आणि माझ्यापुढे बर्फात
सदतीस मण्यांचं एक पेप्टाइड,
जे माणसाच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनच्या सोबतीनं पाझरतं
आणि कुणाकुणाच्या पोटात
तिथेच घट्ट होऊन बसतं.

घाई करावी लागते.
विरघळवल्यापासून दोन मिनिटांत सुईत भरायचं,
नाहीतर एक दुसऱ्याला धरतं, दुसरं तिसऱ्याला,
कपाटात पातळं रचावीत तशी घडीवर घडी,
आणि सकाळी नळीत धुकट गाठी.
उंदराचं असं होत नाही.
त्याच्या माळेत तीन प्रोलिन, तीन आडमुठे मणी,
घडी बसूच देत नाहीत.
"म्हंजे उंदीर सुटला," मढवीकाका म्हणतात
नायट्रोजनची टाकी बदलता बदलता.
घणसोलीचे. निवृत्तीला पाच महिने.

मला हवी आहे पहिली जोडी.
गाठ नको, धागा नको,
फक्त दोघं, नुकते चिकटलेले.

सुईच्या टोकाशी थेंब फुटतो, सुकतो,
अंगावर भार घेऊन रेणू निर्वातात शिरतात
आणि पडद्यावर सुळका: एकोणीसशे त्रेपन्न.
इथेच घोळ आहे, काका.
यंत्र वजन सांगत नाही.
वजन भागिले भार, एवढंच.
दोन भार घेऊन निघालेला एकटा
आणि चार भार सारखे वाटून घेतलेली जोडी,
उत्तर एकच येतं.
आपलं यंत्र जुनं, त्याला दोन्ही सारखेच.

"मग जोडी वळखायची कशी?"

विषम भार लागतो.
पाच.
पाचाचे दोन सारखे वाटे होत नाहीत,
अडीच भार एकट्याला घेता येत नाही.
पंधराशे बासष्टवर काही उगवलं
तर समजायचं, दोघं होते.

नऊला त्यांचा फोन वाजतो. रोज.
नमुन्यांच्या फ्रिजमधून, नियमाविरुद्ध,
ते पेन काढतात; वर चिठ्ठी:
मढवी. प्रयोगाचे नाही.
उजवा हात थरथरतो. घरी असले की बामाबाईच टोचतात,
दुसऱ्या पाळीला फोनवरून आकडे म्हणतात,
दहा होईस्तोवर सुई काढायची नाही.
एक. दोन. मागे कुकरची शिट्टी. तीन.
सातावर त्या कुणाला तरी दार उघडायला गेल्या,
काका पेन पोटाला लावून तसेच उभे.
परत आल्या. पुन्हा सातापासून.

मी पडद्याकडे बघत राहिले.

"पाचवा मग दोघांतल्या कोनाकडं?"
पेन आत ठेवता ठेवता त्यांनी विचारलं.

ते नाही कळत, काका.
या यंत्राला तरी नाही.

पंधराशे बासष्टपाशी, आवाजाच्या गवतात
एक पातं जरासं उंच.
असेलही, नसेलही.
आणखी दोनशे स्कॅन घेते.