पाठ नसलेली

तीन किलो दोनशे ग्रॅम चांदी,
डोळे मिन्याचे, नथ सोन्याची,
असा ठराव घेऊन अनंता माधवी
जांभळी नाक्यावर आमच्या दुकानात आला.
ट्रस्टचं लेटरहेड, खाली सात सह्या, एक अंगठा.
"देवीला तोंड पाहिजे," म्हणाला,
"दुबईची पोरं फोटो मागतात.
नुसत्या शेंदराचा काय फोटो पाठवायचा?"

मी मापाला गेलो. मंगळवारची गर्दी टाळून, बुधवारी,
घणसोलीच्या अलीकडे, जिथं सेक्टरचे आकडे संपतात
आणि गल्ल्यांना पुन्हा माणसांची नावं लागतात.
पुढे बावीस मजल्यांचे टॉवर,
मागे खाडी, चिखल, उलटी ठेवलेली होडी.
मध्ये नवीन टाइल्सच्या गाभाऱ्यात
ती.

तांदळा. गुडघ्याएवढा.
नाक नाही, खांदा नाही,
कुठून बघायचं याची काही खूण नाही.

आम्ही सोनार. आमचे देव टाकावर उठवलेले,
एक ठोका चुकला तर खंडोबाचा घोडा गाढव होतो
हे बापानं कान धरून शिकवलेलं.
मी शिशाची पट्टी वाकवली, कपाळ शोधू लागलो.
जिथं कपाळ धरलं
तिथं हनुवटीही चालली असती.
दोनदा मोजलं, दोनदा वेगळं आलं.

तिसऱ्यांदा शेंदराची खपली हातात आली.
कडेनं बघितली: वर केशरी,
खाली विटकरी, त्याखाली जवळजवळ काळा,
मध्ये अडकलेला एक तांदूळ
आणि एका बोटाचा ठसा,
माझ्या बोटाहून बारीक.
मी ती खपली परत चिकटवायला लागलो,
चोरी पकडल्यासारखा.

दारात धर्मीबाई बसली होती, वाती वळत.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"तोंर दिलास त पाठ येल तिला.
मंग खारीकरच्यांनी
कंच्या बाजून पाया परायचं?"

ठरावावरचा अंगठा तिचाच होता, हे नंतर कळलं.
काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

त्या रात्री कळव्याच्या घरी
मला उगाच वास्तुशांतीची सुपारी आठवली.
भटजींनी मूठभर तांदळावर ठेवली, म्हणाले, हा गणपती.
तासभर आम्ही सगळे तिच्याकडे पाय करायला घाबरलो.
मग त्यांनी अक्षता टाकून ती जराशी हलवली,
आणि संध्याकाळी आत्यानं
अडकित्त्यात धरून तिचे चार तुकडे केले.
कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.
विड्याला चव होती.

मुखवटा मी केला.
धंदा आहे, आगाऊ रक्कम घेतली होती.
चांगला झाला, लोक अजून सांगतात,
डोळे अगदी आपल्याकडे बघतात म्हणून.

चैत्रात जत्रेला गेलो.
पुढे रांग, दांडीवर चढवलेले मोबाइल,
अनंता माधवी माइकवर.
मी गर्दीतून निसटून मागे आलो,
खाडीकडच्या खिडकीशी.

तिथून मुखवटा आतून दिसत होता.
नाकाचा खड्डा. डोळ्यांचे दोन खड्डे.
माझे सगळे ठोके
इथे, या बाजूला पडलेले,
आणि त्यांना टेकून
तो दगड, जसा होता तसा.

होडीतून आलेली तीन माणसं,
पोटऱ्यांपर्यंत चिखल,
गजांतून हात घालून
त्याला तळवा लावत होती. डोळे मिटून.
त्यातल्या एकाला मी विचारलं, पुढून नाही जात?
तो म्हणाला, "हीच की पुर."

धर्मीबाई आत वाकून शेंदूर लावत होती,
घाई नाही, तेल कोपरापर्यंत ओघळलेलं.
झाल्यावर तिनं बोटं
भिंतीच्या नव्या टाइलवर पुसली.
रोज तिथंच पुसत असावी.
एक गोळा झाला होता, लिंबाएवढा,
आणि त्यावर कुणीतरी
झेंडूची एक पाकळी चिकटवली होती.