कारेंत

रेसिफेहून आलेला अहवाल, पान एकेचाळीस.
शब्द एवढाच: कारेंत.
ज्याला काहीतरी कमी आहे, तो.
काय कमी, ते शब्द सांगत नाही.

आधी 'वंचित' लिहिलं.
त्याच्यापुढे आता लाउडस्पीकर चालतो,
माणूस मागे कुठेतरी.
मग 'दुर्बल घटक'.
चार मजल्यांचा कचरा डोक्यावरून उतरवणाऱ्या बाईला
दुर्बल म्हणायला पेन धजेना.
'तळागाळातले':
तळ कुणी मोजला, कुठे उभं राहून?
'बिचारे' तर खोडतानासुद्धा लाज वाटली.

माझगावचे आग्नेलो सर असते तर म्हणाले असते,
उमिल्द बघ, पोरी.
तिकडे नम्र आणि गरीब, दोघांना एकच शब्द.
आणि चष्मा पुसत,
सोय कुणाची, ते विचार.

रविवारी देवनारला गेले, कागद घेऊन.
शेवंताबाई घाटविसावे पत्र्याच्या सावलीत
बाटल्यांची झाकणं वेगळी करत होती,
निळी इकडे, पांढरी तिकडे.
वाचून दाखवलं. अर्थ सांगितला.
हेही सांगितलं की कारेंत म्हणजे
मायेला भुकेलेला, असाही होतो.
ती खो खो हसली.
"मग आमचा मुकादम कारेंत.
दिवसभर कुणीतरी विचारावं, चहा घेतला का."

हसू ओसरल्यावर म्हणाली,
"तिकडची माणसं सोताला काय म्हणतात?"
कातादोर. वेचणारे.
"मग झालं की."
झालं नव्हतं.
त्या ओळीत वेचणारे होते, पण
पुलाखाली झोपणारेही होते,
आणि नुसतेच म्हातारे.
सगळ्यांना एका पोत्यात भरायचं होतं,
उद्या सकाळी दहापर्यंत.
"एका पोत्यात भरलं की भाव पडतो,"
ती झाकणांकडे बघत म्हणाली.

निघताना मला राहवलं नाही.
सांगितलं, बाई, तुझं हे घमेलं पोर्तुगीज आहे.
चावी, बादली, पाव,
पगारसुद्धा त्यांच्याकडूनच आला.
"पगार?" तिने मान वर केली.
"शब्द आला असंल."

मी वहीत लिहायला पेन काढलं
तर ती उठली, कंबर सरळ केली,
"ते राहू दे, हे धर जरा"
म्हणत माझ्या हातात दिलं
ओलं, काठाला चेमटलेलं,
मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ जड.