पाचशे जास्त

यादी केली ती मागाच्या बिलबुकावर, पाठच्या बाजूला.
वडगावच्या आमच्या घरात कोरा कागद तेवढाच.
पुढे छापलेलं: साडी, नग, मजुरी.
पाठीमागे माझं: प्रोसेसर, बोर्ड, रॅम,
आणि कोपऱ्यात चौकट करून, बेचाळीस हजार.
म्हणजे उद्यमबागेतले दोन बोनस
आणि पावणेदोन वर्षांची रात्रपाळी.

आधी रंगीत पंखे खोडले.
सटुप्पा म्हणाला, "लाइटी नाहीत तर गेमिंग कसलं बे?"
म्हटलो, गोळी अंधारातबी लागते.

खडे बाजारात दोड्डण्णावरांच्या काचेखाली
प्रोसेसर होता काडेपेटीएवढा
आणि माझ्या अर्ध्या पगाराएवढा.
"पहिला बोर्ड ठरीव," ते म्हणाले, "खाच जुळाय पाहिजे."
मला हे सांगायला नको.
दिवसभर चकमध्ये जॉब धरतो मी.
जुळत नाही ते दाबून बसवलं की काय होतं
हे माझ्या डाव्या करंगळीला ठाऊक आहे,
उरलीय तेवढीला.

रॅम एकच घेतली, आठची.
दुसरी पुढच्या दिवाळीला.
तोवर शेजारची खाच मोकळी,
पान वाढलंय पण माणूस यायचाय, तशी.

पॉवर सप्लायला मात्र हात आखडला नाही.
आमच्याकडची वीज कधी येते, कधी उडी मारून येते.

ग्राफिक्स कार्ड जुनं.
संकेश्वरच्या स्टँडवर, हुबळीच्या गाडीआड,
चिकोडीचा शिवलिंग टॉवेलात गुंडाळून घेऊन आलेला.
बेंगळूरला नोकरी लागली होती त्याला, खोलीत चौघं, टेबलाला जागा नाही.
"चलो ऐती," तो तीनदा म्हणाला,
"चांगलं हाय," एकदा.
मी नाकाला लावून वास घेतला.
जळकट नव्हता, उदबत्तीचा होता.
साडेअकरा हजार तो कन्नडात मोजत होता, मी मराठीत.
त्याचा आकडा एका नोटेनं कमी आला.
परत मोजले. बरोबर होते.
कार्ड सोडताना त्याचा हात जरा उशिरा सुटला.
"उन्हाळ्यात गरम होतंय," म्हणाला, "बाजूचा पत्रा काढून ठेव."

कॅबिनेट विकत घेतलाच नाही.
फोरमनला विचारून पत्र्याचे तुकडे उचलले,
कार्डाला व्हर्नियर लावला,
तरी चार मिलिमीटर कमी पडले
आणि सगळं परत कापलं.
ट्रॅक्टरच्या बॉनेटांसोबत पावडर कोटिंग मारून घेतलं,
म्हणून तो तसा लाल.
त्याचे सहाशे धरायचे राहून गेले होते.
बेरीज बेचाळीस हजार पाचशे.

आप्पानं यादी खालून वर वाचली,
मजुरीचा हिशेब वाचतो तशी.
मला वाटलं, आता पाचशेवर बोट ठेवणार.
"ह्यात अर्थिंग कुठं हाय?"
म्हटलो, तीन पिनांचं बटण आहे की भिंतीत.
"तिसरं भोक नुसतं भोकच हाय. म्याच बसवलंय ते."
तीस वर्षं मागाच्या मोटारीनं त्याला
अधूनमधून झिणझिण्या दिल्यात,
त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी धुण्याच्या दगडामागं त्यानं खड्डा घेतला,
छातीएवढा.
मधे पाइप उभा केला. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा,
वर जाडं मीठ, वर कोळसा, परत मीठ,
अंथरूण घालावं तसं, हातानं सारखं करत.
मग बिलबुक मागून घेतलं
आणि माझ्या रॅमखाली वाकड्या अक्षरात लिहिलं:
मीठ, कोळसा, पाइप, तार.
पुढचे आकडे लिहिले नाहीत.

पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला.
रॅम नीट बसली नव्हती. दाबली, खट् झालं,
धोटा पेटीत जाऊन आदळतो तसं.
मग उजेड आला.

आता रात्री मी खेळतो, तो झोपतो.
सकाळी तोंड धुतलेलं पाणी त्या खड्ड्यात ओततो,
ओल राहाय पाहिजे म्हणतो.
सेकंदाला किती फ्रेम येतात, मी सांगायला जातो.
तो विचारतो,
"पत्र्याला हात लावून बघितलास काय?"