दोन सूत

पसरणीचा घाट उतरून मिनेझिस सर वाईला आले,
मांडीवर टॉवेलात बांधलेला गठ्ठा.
शाळेच्या पियानोच्या स्टुलातून निघालेले कागद,
वाळवीने आधीच थोडे वाचलेले.
"जॅझ आहे," म्हणाले, "हळू हाताने बांधा."

मला जॅझ ठाऊक नाही.
मला खळ ठाऊक आहे, खळीतला मोरचूद,
जुजबंदीचा दोरा मेणातून किती वेळा ओढायचा ते.
पाच तारांवर मुंगळे चढत होते,
कागद सुलटा धरलाय की उलटा, तेही कळेना.

पण इंग्रजी अक्षरं लागतात मला, जुळवत जुळवत.
वर डावीकडे एक नाव, उजवीकडे दुसरं.
एकाचे शब्द, एकाची चाल.
आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायांनी लिहिल्यासारखं,
कंपनी, साल, रस्ता, तिसरा मजला.

सर सांगत बसले, चहा निवला.
त्या मजल्यावर म्हणे खोल्याच खोल्या,
खोलीगणिक एक पियानो, सगळे बेसूर,
आणि पोरं पगारावर, दिवसाला एक गाणं.
भाडं थकलं की चाल विकायची,
फारच थकलं तर नावसुद्धा.
मालक मग कवीच्या शेजारी आपलं नाव घालायचा,
एक ओळ न लिहिता.

मी हसले. आमच्या दुदुस्कर शेठनी
आरत्यांच्या पुस्तकावर स्वतःचा फोटो छापलाय,
फेट्यासकट.

"गाणारी बाई सगळ्यांना माहीत," सर म्हणाले,
"हे दोघं कोण, ते माझ्या पोरांना विचारू नका."

कडा फाटक्या होत्या. दोन सूत घ्यायचं ठरवलं.
गठ्ठा शिकंजात आवळला, पातं ओढलं,
आणि मग पाहिलं:
तळची ओळ गेली.
कंपनी गेली, साल गेलं, तिसरा मजला कोसळला,
उजवीकडच्याचं अर्धं आडनाव
माझ्या चपलेशी पडलं होतं.

केरातून वेचल्या पट्ट्या, शेवयांसारख्या.
रात्री, दुकानाचं एक दार ओढून घेऊन,
पुठ्ठ्याच्या आतून एकेक चिकटवली,
वर अबरी कागद.

सरांनी पुस्तक उघडलं, काउंटरवर बोटं वाजवली,
वीस रुपये कमी दिले आणि गाडी पकडली.
अस्तराखाली काय आहे ते सांगायचं राहिलं.
वाळवीला लागला असता पत्ता कधीतरी,
पण खळीत मोरचूद
मी सवयीने जरा जास्तच घातलाय.