कोळी

भाच्यानं कोल्हापूरच्या प्रदर्शनातून आणली
तेव्हा ती कोंबडी वाटतच नव्हती.
रुईच्या बोंडातली म्हातारी जणू
वाट चुकून आमच्या खुराड्यात उतरली.
पिसं कसली, पिंजलेला कापूस नुसता,
फुंकर मारली की खाली शाईसारखी काळी कातडी.
पायाला पाच-पाच बोटं.
सुंद्रव्वा म्हणाली, पैसे बोटावर दिलास काय गं?
नाव म्हातारीच पडलं.

मग ती खुडूक बसली.
खाली अंडं नाही, एक गारगोटी.
उठेना, खाईना.
तुरा मुळातच तुतीसारखा काळा,
रक्त आटलंय हे त्याच्यावर दिसणार कसं?

तंबाखूची पूड टाक, सगळ्याच म्हणाल्या.
निपाणीत पुडीला काय तोटा!
चाळीस वर्षं विड्या वळतेय मी,
दातदुखी, ढेकूण, सगळ्याला हेच.
टाकली घरट्यात.
दुपारी म्हातारी मान वाकडी करून
भिंतीला टेकत चालू लागली
आणि मांडीवरचं सूप
अर्ध्या हजारावर खाली ठेवलं मी.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नवा, म्हैसूरकडचा.
त्यानं कापूस सारला, शेपटीखाली भिंग धरलं.
तीळ चालत होते.
इदु जेडद जाती, तो म्हणाला.
ईरण्णा कंपाउंडरनं आठ बोटं दाखवली,
पाय मोज की मावशी.
मी म्हटलं, म्हणजे कोळी?
डॉक्टर माझ्या मांडीवरच्या कोंबडीकडं बघून म्हणाला,
हौदु, हौदु. कोळी.

त्याच्या भाषेत ती.
माझ्या भाषेत तिला खाणारा.
दोघंही मान हलवत होतो.

मानेमागं थेंब, बाकीच्या चार गावठींनाही.
चौदा दिवसांनी परत,
कारण औषधानं चालते मरतात,
चिकटलेली अंडी तशीच राहतात.
तोवर कोंबड्यांची अंडी खायची नाहीत,
विकायची तर नाहीतच.
तंबाखूचं ईरण्णानं डॉक्टरला सांगितलंच नाही.
माझ्या पिवळ्या बोटांकडं बघून
चिठ्ठीची घडी घालत राहिला.

खुराड्यातल्या काठ्या काढल्या,
उकळतं पाणी ओतलं, फटीत चुना भरला.
घमेल्यात राख आणि कोरडी वाळू.
पायावरच्या कापसाखाली खवले उचलले होते,
एकेका बोटाला करंजेल लावलं,
दहाव्या बोटापर्यंत माझाच पाय आखडला.
दिवस चुकू नये म्हणून
खुंटीला रोज एक दोरा, कट्टा बांधायचा तोच.
गावठींची एकोणीस अंडी
शेवग्याच्या बुंध्याशी पुरली.
सुंद्रव्वाचा नातू मोजत उभा होता,
त्याला वाटलं मी पेरतेय.

रात्री उठून काठीखालून पांढरं फडकं फिरवायचं.
ते दिवसा लपतात, अंधारात प्यायला येतात.
पहिल्या रात्री फडक्यावर तांबड्या रेघा,
चुकलेला हिशेब खोडावा तशा.
पाचव्या रात्री तुटक.
नवव्या दिवशी म्हातारी आपणहून उठली,
घमेल्यात शिरली, लोळली,
राखाडी होऊन बाहेर आली,
अंग झाडलं तर अंगणभर धूर.
मी गारगोटीला हात लावला. कोमट होती अजून.

चौदाव्या रात्री फडकं कोरं.
कोपऱ्यात एक ठिपका.
हलला की नाही कळेना,
चष्मा सुपात राहिला होता.
पंधरावा दोरा बांधून ठेवला.