निळी पाटी

बेक्सहिलला नट मरायला येतात,
कौन्सिलचा माणूस हसत म्हणाला,
भिंतीला टेप लावत. वरच्या मजल्यावर
एक सर्कसवाली, एक कादंबरीवाल्या बाई
अजून पाटीविना.

"मिस्टर ट्रेगोनिंग शेवटचं काय बोलले?"

चाळीस वर्षं ते ओठ न हलवता बोलले.
अर्धांगानंतर ओठ हलायचे नुसते,
आवाज कुठल्या पेटीत राहिला कोण जाणे.
खुर्चीत त्यांचा बाहुला, एका कानाचा रंग उडालेला,
माझ्या रात्रपाळीवर डोळे लावून.

त्या रात्री त्यांनी नजरेनंच तो दाखवला.
मी त्याच्या पाठीत हात घातला,
लाकडी जबडा खटकन उघडला,
आणि माझं इंग्रजी तर
गोळ्या, नाडी, कुशीवर वळा, एवढंच.
बाहुला म्हणाला, "जेवलास का रे?"

केवढे हसले. खांदे हलले, पलंग हलला.

पहाटे पाणी पार मागे गेलेलं,
गोटे उघडे, काळे.
ओहोटीला माणूस जातो, हर्णैला आई म्हणायची.

यातलं काही मी सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, जेवलास का.
त्यानं टेप मिटली
आणि स्पेलिंग विचारलं.